भामाकाकीचं गाऱ्हाणं

भामाकाकीला हळू बोलता येत नसे. माझी भाड्याची खोली आणि तिचं घर यांच्यामध्ये चिऱ्यांचा एक गडगा होता, कमरेएवढा, आणि आवाज अडवण्याच्या कामी तो अगदीच निरुपयोगी होता. तिने विहिरीवर काढलेला विषय देवळात पोचायचा. कुणाला गुपित सांगायचं झालं तर ती आधी “कान हाड”, म्हणजे कान इकडे आण, असं म्हणायची, आणि मग जे सांगायची ते समोरच्या वाडीतली माणसं काम थांबवून ऐकायची. गावात कुणाचं काय चाललंय हे मला कधी विचारावं लागलं नाही.

मी मूळची वेंगुर्ल्याची. लोकल बोर्डाच्या मुलींच्या शाळेत मास्तरीण म्हणून त्या गावात आले तेव्हा चोविशीतली होते आणि स्वतःला फार शहाणी समजत होते. गाव मालवणपासून आत, मसुऱ्याच्या बाजूला. बाजारपेठ चिमुकली, देऊळ ऐसपैस, आणि दोहोंच्या मध्ये तिठ्यावर कौलारू पोलीस चौकी. तेव्हा आमचा सगळा मुलूख रत्नागिरी जिल्ह्यात मोडायचा आणि रत्नागिरी इतकी लांब होती, की चौकीतला जमादार म्हणजेच सरकार.

काकीचा नवरा देवळात गाऱ्हाणं घालणारा मानकरी होता. तो वारल्यावर मान पुतण्याकडे, बाबल्याकडे गेला. गाऱ्हाणं म्हणजे देवापुढे नारळ ठेवून, गावाला साक्षी ठेवून, मोठ्याने केलेली मागणी. एकाने सांगायचं आणि दर वाक्याला जमलेल्यांनी “व्हय म्हाराजा” म्हणायचं. आमच्याकडे जन्मलेल्या माणसाला हे शिकवावं लागत नाही. तो सूर कानावर पडला की तोंड आपोआप उघडतं, मग माणूस कितीही शिकलेला असो. आणि सुरू झालेलं गाऱ्हाणं कुणी मध्ये मोडत नाही. पुरं होईपर्यंत जागेवरून हलत नाही. तसं केलं तर काय होतं ते कुणाला ठाऊक नाही, कारण तसं कुणी केलेलंच नाही.

बाबल्या गरीब स्वभावाचा, आवाजाने बारीक. दोन वाक्यं झाली की अडकायचा. मग बायकांच्या रांगेतून काकी पुढचं सांगायची, म्हणजे देवाला आणि गावाला दोघांनाही ऐकू येईल असं. मानकरी चिडायचे. गाऱ्हाणं पुरुषांनी घालायचं, बायकांनी मध्ये तोंड घालायचं नाही, असं तिला कितीदा बजावलं. ती म्हणायची, देवाला अर्धं सांगितलं तर तो अर्धंच करील, मग त्याच्या नावाने बोंब मारू नका.

हळूहळू तिला चटकच लागली. शाळेचं छप्पर गळत होतं आणि आमचे अर्ज वर्षभर कुठेतरी पडून होते. एकदा शाळा तपासायला दिपोटी आले. काकी दूध द्यायला आलेली. तिने दुधाचा तांब्या त्यांच्या पायाशी ठेवला आणि ह्या पोरींच्या डोक्यावर पाणी पडतं म्हाराजा, असं ओसरीवरच सुरू केलं. सगळ्या वर्गांतून “व्हय म्हाराजा” उठलं. दिपोटी आमच्याच बाजूचे. ते हसले, पण ओठ त्यांचेही हलले. पावसाआधी छपरासाठी नवे नळे, म्हणजे कौलं, आली. हेडबाईंनी मात्र मला समज दिली की असल्या बाईला शाळेत शिरू देत जाऊ नका. शिरू न देणं म्हणजे काय करायचं, हे त्यांनी सांगितलं नाही.

हे सगळं वाचून ती कुणी सुधारक होती असं वाटेल, तर तसं मुळीच नव्हतं. सोवळंओवळं ती घट्ट पाळायची. महारवाड्यातलं कुणी कामाला आलं तर पाणी वरून ओतायची, आणि भाकरी ठेवून लांब व्हायची. मी एकदा काहीतरी बोलले, तर मला म्हणाली, “तू शाळेत शिकव, माझ्या पडवेत नको.”

सत्तावन-अठ्ठावनच्या सुमाराला त्या वाड्यातल्या लोकांनी मेलेली गुरं ओढायचं काम सोडलं. सगळ्यांनी बसून ठरवलं आणि सोडलं. त्यांच्यात गोंदू म्हणून एक जण होता. लढाईच्या काळात लष्करात होता, परत येताना बूट घेऊन आला आणि ते बूट घालून बाजारातून सरळ मधून चालायचा. ह्या बुटांचा भाऊ खोतांना भारी त्रास. खोती कायद्याने गेली होती, पण भाऊंना तसं कुणी समजावून सांगितलं नव्हतं. संध्याकाळी जमादार त्यांच्या ओटीवर पत्ते खेळायला बसत.

नेमकी त्याच दिवसांत काकीची गाय फुरसं चावून मेली. काकीने महारवाड्यात निरोप धाडला. गोंदू स्वतः आला, अंगणाबाहेर उभा राहिला आणि म्हणाला, “काकी, आमच्या वाडीन ह्या काम सोडल्यान. तुमचा गोरू तुमी पुरा.”

त्यानंतर काकीने ज्या शिव्या दिल्या त्या मी इथे लिहिणार नाही. त्याच्या बुटांपासून सुरू करून ती त्याच्या सात पिढ्यांपर्यंत गेली. तो शेवटपर्यंत उभा राहून ऐकत होता. तिचा दम संपल्यावर “येतंय” म्हणून गेला. सगळ्या गावाने ते ऐकलं, कारण ऐकायचं नाही म्हटलं तरी इलाज नव्हता.

मग तिने दोर काढला. गाईचे पाय स्वतः बांधले, दुसऱ्या टोकाला बाबल्याला आणि माझ्या घरमालकांना लावलं, आणि पदर खोचून स्वतःही ओढायला लागली. मळ्याच्या टोकाशी खड्डा काढून गाय पुरली. आंघोळ करून ती गडग्याशी येऊन टेकली, तेव्हा तिच्या तळहातांची सालं गेली होती. “जड होता गो,” ती म्हणाली. “इतकी वर्सां ते ओढी होते. जड लागता काय म्हणान कोणी इचारूक नाय.”

दुसऱ्या दिवशी गोंदूला बाजारातून उचलून चौकीत नेलं. आम्हाला ते कळलं त्याच्या बायकोकडून, पारूकडून. ती धावत आली आणि नेहमी जिथे थांबायची तिथे न थांबता सरळ अंगणात शिरली.

“काकी, तक्रार मागे घेवा,” ती म्हणाली. “मारून टाकतीत तेका.”

“खंयची तक्रार?”

“तुमचे नारळ चोरल्यान, तुमका धमकी दिल्यान. तुमच्या नावान मारतत.”

काकीने हातातलं काम टाकलं. मग तिने पारूला पुन्हा पुन्हा विचारून सगळं नीट ऐकून घेतलं. खोतांच्या ओटीवर ते शिजलं होतं. काकीच्या शिव्या सगळ्या गावाने ऐकलेल्या, तेव्हा तक्रार तिच्या नावावर सहज खपणार होती. गोंदूला सांगण्यात आलं होतं की उद्यापासून गुरं ओढीन म्हण, लगेच सोडतो. तो ते म्हणत नव्हता, म्हणून मार थांबत नव्हता. परवा त्याला चोर म्हणून मालवणच्या कोर्टात उभा करणार होते.

“माझा भांडाण मी माझ्या तोंडान भांडतंय,” काकी म्हणाली. “हेंका माझा नाव कोणी दिल्यान?”

ती तडक चौकीत गेली. जमादार घाटावरचे, छापील मराठी बोलणारे. त्यांनी तिला दारातच उभं केलं आणि सांगितलं की आजीबाई, हे तुमच्या भल्यासाठीच चाललंय, घरी जा, स्वयंपाकपाणी बघा. आतून गोंदूचं कण्हणं तिला ऐकू येत होतं. तिथून ती खोतांकडे गेली. भाऊ खोत गोड माणूस. गावाची रीत राहिली पाहिजे, म्हणाले. आणि तुम्ही जास्त बोललात तर बाबल्याच्या घराकडे मान कशाला ठेवायचा ह्याचा देवस्थानला विचार करावा लागेल. मानकऱ्यांपैकी दुसऱ्या कुणी तिला बसदेखील म्हटलं नाही.

परत आल्यावर तिने मला गडग्यापाशी बोलावलं. चौकीसमोर माणसं जमली तर गुन्हा होतो का, असं विचारलं. सभेला, मिरवणुकीला परवानगी लागते, नाहीतर पकडतात, असं मी सांगितलं.

“आणि गाऱ्हाण्याक?”

“ते काही मला माहीत नाही.”

“जमादाराक म्हायत आसतला?”

“नसेल बहुतेक.”

“मगे बरा,” ती म्हणाली आणि नारळ निवडायला आत गेली.

दुसरा दिवस बाजाराचा. चौकीसमोर नेहमीसारखी कोळणींची, भाजीवाल्यांची, मडकीवाल्यांची गर्दी. हेडबाईंनी आम्हा मास्तरणींना त्या बाजूला फिरकायचं नाही अशी ताकीद दिली होती. मला सुकी सुंगटं, म्हणजे सुकी कोलंबी, घ्यायची होती, आणि ती तिथेच मिळतात. काकी नऊवारी नीट नेसून आली, चौकीच्या पायरीवर नारळ ठेवला, त्यावर विडा ठेवला, आणि हात जोडून आभाळाकडे बघत आवाज लावला. नवऱ्याच्या हयातीत देवळात ऐकलेला तो सूर गावाने बऱ्याच दिवसांनी जसाच्या तसा ऐकला.

“बा देवा म्हाराजा. बारा गावच्या, बारा वयवाटीच्या म्हाराजा. ह्यो नारळ तुझ्या देवळात न ठेवता ह्या पायरेर ठेयलंय, तेचो राग धरू नको.”

“व्हय म्हाराजा,” बाजार म्हणाला. कुणी ठरवून म्हटलं नव्हतं. अर्ध्यांच्या हातात माल होता, नजर तराजूवर होती.

“माझी गाय मेली. गोंद्यान ती ओढूक नाय म्हटल्यान. मी तेका गाळी घातलंय. ता आमचा भांडाण, तेची तक्रार मी कोणाकडे करूक नाय.”

“व्हय म्हाराजा.” आता माना वर झाल्या होत्या.

“माझो नारळ कोणी चोरूक नाय. माका कोणी धमकी देवक नाय. तरी माझ्या नावान ह्या चौकीत तेका हाड मोडासर मारल्यानी म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा.”

ह्या वेळचा आवाज दारातूनही आला. दारात दोन शिपाई पहाऱ्याला उभे होते, एक आचऱ्याचा, एक कट्ट्याचा, म्हणजे दोघेही आमच्याच मुलखातले. हात जोडलेले नव्हते एवढंच. जमादार नुकतेच बाहेर आले होते. ते वळून त्या दोघांकडे बघतच राहिले. आचऱ्याच्या शिपायाने, ते आपोआप तोंडातून गेलं साहेब, असं काहीसं सांगितलं. बाजार हसला. इतका वेळ लोकांच्या पोटात भीती होती, माझ्याही होती. त्या हसण्याने ती पुष्कळशी गेली.

महारवाड्यातली माणसं वडाखाली लांब उभी होती. पारूही तिथेच. काकीने सूर न सोडता त्यांच्याकडे तोंड केलं. “हयसर येवा. लांब रवान व्हय म्हटलास तर देवाक ऐकाक येवचा नाय.” ती माणसं पुढे आली. भाजीवाले थोडे चुळबुळले, एकदोघांनी टोपल्या मागे ओढल्या. पण गाऱ्हाणं चालू होतं, उठून जायची सोय नव्हती. पारू सगळ्यांत पुढे येऊन पायरीशी उभी राहिली, आणि तिचं “व्हय म्हाराजा” काकीच्या आवाजाला पुरून उरेल असं निघालं.

जमादारांनी काठी आपटली आणि सभेची परवानगी कुठे आहे, असं विचारलं.

“ही सभा न्हय,” काकी म्हणाली. “मी देवाकडे बोलतंय. तेका बोलवक तुमची परवानगी लागता काय?”

त्यांनी शिपायांना लोक हटवायला सांगितलं. कट्ट्याचा शिपाई वयाने मोठा होता. त्याने काठी भिंतीला टेकवून ठेवली आणि अदबीने सांगितलं, “साहेब, गाऱ्हाणं पुरं होईपर्यंत मोडता येत नाय.”

आणि काकीची खरी करामत ही, की ती ते पुरं करीतच नव्हती. गोंदूचं सांगून झाल्यावर तिने विचारलं, आणखी कुणाचं काही आहे का. एक कोळीण उठली. जमादारांच्या घरी रोज फुकट जाणारी मासळी तिने सांगितली. काकीने ती देवाला सांगितली. गाडीवानाने कोंबडी सांगितली, कुंभाराने कानफटात बसलेली सांगितली, वाड्यातल्या एका म्हाताऱ्याने पाणवठ्यावर पोराला बसलेले फटके सांगितले. एकेक गोष्ट काकीच्या तोंडून निघे आणि सगळे “व्हय” म्हणत. जमादार आत जाऊन बसले. सायकलवरून मालवणला माणूस पिटाळला गेला.

ऊन चढलं, मासळीला वास सुटायला लागला, तरी कोळणी हलल्या नाहीत. दुपार कलताना मालवणचे फौजदार गाडीतून उतरले. त्यांनी लाठी उगारायची भाषा केली नाही. गर्दी बघितली, पायरीवरचा नारळ बघितला आणि फिर्यादी कोण असं विचारलं.

“मीच,” काकी म्हणाली. “आणि माझी फिर्याद नाय.”

गोंदूला बाहेर आणलं. बूट काढून घेतले होते. उजवा हात कोपराखाली भलतीकडे वळला होता आणि तो दुसऱ्या हाताने त्याने धरून ठेवला होता. पारूने पुढे होऊन त्याच्या खांद्यावर आपला पदर टाकला. गोंदू काकीसमोर थांबला आणि म्हणाला, “काकी, सोडवलास ता बरा केलास. पण गोरू मी ओढूचंय नाय.”

“मी खंय सांगलंय?” काकी म्हणाली.

फौजदारांनी चौकशी होईल, असं आश्वासन दिलं आणि आता नारळ फोडून मोकळ्या व्हा म्हणाले. काकीने नारळ उचलून ओटीत घेतला. चौकशी होऊन हात मोडणाऱ्याला शिक्षा झाली की फोडीन, तोपर्यंत गाऱ्हाणं चालू आहे, असं तिने त्यांना बजावलं. फौजदार हसले. ते तिला ओळखत नव्हते.

त्या संध्याकाळी घरी आल्यावर तिने डोक्यावरून आंघोळ केली. मला राग आला. दिवसभर त्यांना जवळ उभं करून आता हे काय, असं मी तोंडावर विचारलं. केस पुसत ती म्हणाली, “सवय आसा ती. मरासर जायत काय नाय, माका म्हायत नाय. पण माझी सवय म्हणान दुसऱ्याचो हात मोडूचो?” मला ते उत्तर तेव्हा अपुरं वाटलं आणि आजही वाटतं. पण सवय नसलेले पुष्कळ जण त्या दिवशी घरात बसून होते, हेही मला सांगितलं पाहिजे.

चौकशी झाली. चोरीचा खटला उभा राहिला नाही. जबान्यांना काकी मालवणला गेली, कोळणी गेल्या, कट्ट्याचा शिपाईसुद्धा खरं बोलला. अखेर जमादारांची बदली झाली. शिक्षा झाल्याचं काही कुणाच्या कानावर आलं नाही. गावातल्या शहाण्यांनी काकीला सांगितलं, जिंकलीस, आता पुरे. ती उसळली. बदली ही शिक्षा कशी, आपल्या घरातला विंचू शेजाऱ्याच्या घरात टाकला तर तो मेला म्हणायचं का, असं ती सगळ्या बाजाराला विचारत सुटली. दर बाजाराच्या दिवशी ती चौकीच्या पायरीवर जाऊन आपलं गाऱ्हाणं पुढे चालवू लागली. कधी शंभर माणसं असत, कधी पारू आणि दोन कोळणी. कधी ती एकटी सांगे आणि स्वतःच व्हय म्हणे.

खोतांनी शब्द पाळला. त्या वर्षीच्या जत्रेत मान बाबल्याच्या घराकडून काढून दुसऱ्याला दिला. बाबल्याने तिच्याशी बोलणं टाकलं. जत्रेच्या दिवशी ती देवळात गेली नाही. तिकडून गाऱ्हाण्याचा आवाज आला तेव्हा ती पडवीत बसून रडली, अगदी मोठ्याने, आणि मी गडगा ओलांडून तिच्याशेजारी जाऊन बसले. पुढच्या बाजाराला ती पुन्हा पायरीवर होती.

गोंदूचा हात वाकडाच बसला. कुऱ्हाड त्याला धरता येईना. तो डाव्या हाताने बांबूच्या टोपल्या विणायला शिकला आणि बाजारात, सरळ मध्ये, मांडायला लागला. बूट त्याला परत मिळाले नाहीत. पारूने नवे घेतले. वाड्याने गुरं ओढायचं काम पुन्हा कधी केलं नाही. गावातली मेलेली गुरं ज्याची तो ओढू लागला. खोतांचा बैल मेला तेव्हा त्यांच्या मुलांना ओढताना सगळ्या गावाने पाहिलं.

माझी बदली झाली तेव्हा साठ साल उलटून बरीच वर्षं झाली होती. मधल्या काळात चौकीत किती जमादार आले नि गेले. जाण्याच्या दिवशी काकी मला एसटीत बसवून द्यायला येणार होती, पण गाडीपाशी आली नाही. मी रुसून एसटीत बसले. मग खिडकीतून पाहिलं तर ती चौकीच्या पायरीवर होती. आदल्याच दिवशी नवा जमादार रुजू झाला होता, पोरसवदा, कडक इस्त्रीचा. तो बाहेर येऊन विचारत होता, “काय काम आहे आजी?”

“काम काय नाय,” ती म्हणाली, नेहमीच्याच आवाजात, त्यामुळे सगळ्या एसटीला ऐकू आलं. “नवो इलंस मा? वळख करून देवक इलंय. ह्यो गोंदो. ह्येचो हात बघून ठेव.”

गोंदू तिच्या शेजारीच उभा होता. त्याने सदऱ्याची बाही वर सारली आणि हात पुढे केला. जमादार गोंधळून त्याच्या चेहऱ्याकडे बघू लागला.

“तोंड नको, सायब,” गोंदू म्हणाला. “हात बघा.”

कंडक्टरने घंटी दिली, पण ड्रायव्हरने गाडी हलवली नाही. जमादाराची नजर खाली वळली आणि त्या हातावर टेकली, तेव्हाच गाडी सुटली.